वाऱ्याच्या नावे

मराठी भाषेने वाऱ्याला कधी नीट वागवलेले नाही. पोरगा हातचा गेला की त्याला 'शहराचा वारा लागला' म्हणायचे. कर्ता पुरुष निघून गेला की त्याने बायकामुलांना 'वाऱ्यावर सोडले' म्हणायचे. जी बाई कोणाशीही भांडू शकते ती 'वाऱ्याशी भांडते'. आणि ज्या खटपटीतून काहीही निष्पन्न होणार नाही, उदाहरणार्थ आमच्या सोसायटीच्या सर्व सभासदांना एकाच वेळी एकाच सभेला जमवणे, तिला 'वाऱ्याची मोट बांधणे' असे म्हणतात. मोट म्हणजे गाठोडे. वारा गाठोड्यात मावत नाही, हे आपल्या पूर्वजांनी गृहीतच धरले होते. जगात काही माणसांनी मात्र ही मोट खरोखर बांधली, आणि तीसुद्धा कुठल्या सरकारी योजनेत नव्हे, तर आपल्या घराच्या परसात.

या विषयात मला ओढले ते आमच्या भाच्याने. मुलगा हुशार, संगणकात नोकरी, पगार माझ्या तिप्पट. एका रविवारी पोहे खाता खाता तो सहज म्हणाला, "मामा, मी घराला पवनचक्की बसवली."

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाच्या तोंडून अशा वेळी एकच प्रश्न निघतो. "कर्ज कुठल्या बँकेचं?"

"कर्ज कशाला? तीनशे लिंडन डॉलर फक्त."

"हे कुठल्या देशाचं चलन?"

"सेकंड लाइफचं. तिथं माझं समुद्रकाठी घर आहे."

पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटचे हप्ते भरताना मेटाकुटीला येणाऱ्या मुलाचे समुद्रकाठी घर आहे, हे ऐकून आमच्या सौ.ने त्याच्या ताटलीत आणखी पोहे वाढले. मी मुद्द्यावर आलो. "वीज किती देते?"

"वीज?" भाचा गोंधळला. "वीज नाही देत. फिरते."

नुसती फिरणारी आणि काही न देणारी वस्तू बँकेतल्या माणसाला नवीन नाही. आमच्याकडे तिला फाइल म्हणतात. पण तिला पैसे मोजून घरावर बसवण्याची कल्पना मला नवी होती.

ज्यांना भाचा नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली संगणकात एक जग उघडले. फिलिप रोझडेल हे त्याचे कर्ते. या जगात आपण एक देह धारण करून वावरायचे. त्या देहाला तिथे 'अवतार' म्हणतात; शब्द आपला, तो परदेशात जाऊन 'ॲव्हेटार' होऊन परत आला. जमीन तिथे विकत मिळते, २५६ मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा तुकड्यांच्या हिशेबाने, आणि तिच्यावर दरमहा पट्टीही भरावी लागते. पाण्याची टंचाई, शेजारी, स्वयंपाक, दाढी यांपैकी काही नाही. वारा मात्र आहे. संगणक गणित करून तो वाहवतो, आणि त्याचा वेग व दिशा तिथल्या वस्तूंना विचारताही येते. म्हणजे भाच्याची पवनचक्की ढोंगी होती असे नाही. ती खऱ्या खोट्या वाऱ्यावर फिरत होती.

मी हसलो खरा, पण मनाला चुटपुट लागली. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात वारा नव्हता, तेव्हा मी वाचनालयात जाऊन थोडी कीर्द-खतावणी चाळली. आणि पहिल्याच पानावर निघाले काय? पवनचक्कीचा ग्रंथांतरी जो अगदी जुना उल्लेख सापडतो, तो इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉनचा. त्याने वाऱ्यावर फिरणारे एक चाक वर्णिले आहे, आणि ते चाक दळत नाही, पाणी उपसत नाही. ते एका ऑर्गनचा भाता हलवते. म्हणजे वाऱ्याला पहिली नोकरी लागली ती पेटीवाल्याच्या हाताखाली. दळणाचे काम त्याच्या मागे लागले ते काही शतकांनी, इराणातल्या सिस्तान भागात. तिथला वारा इतका वक्तशीर, की माणसांनी उभ्या आसाची जाती बांधून त्याला कामाला जुंपला. पुढे युरोपने ही जाती आडवी केली, उंच केली, आणि १६०५ साली सर्व्हांटिसने तीस-चाळीस पवनचक्क्यांवर एक म्हातारा सरदार घोड्यासकट घातला, कारण त्याला त्या राक्षस दिसत होत्या. डॉन किहोते कादंबऱ्या वाचून दुसऱ्याच जगात गेला होता. आमचा भाचा त्याच्या मानाने शहाणा. तो निदान पवनचक्कीला पवनचक्की म्हणतो.

परंतु हे सगळे विजेच्या आधीचे. घरगुती विजेची पवनचक्की अवतरली १८८७ साली, स्कॉटलंडातल्या मेरीकर्क या गावी. जेम्स ब्लाइथ हे ग्लासगोच्या कॉलेजात प्राध्यापक. सुट्टीत राहायला त्यांची गावी एक छोटी बंगली होती. प्राध्यापकाने सुट्टीत काय करावे? आपल्याकडे पेपर तपासतात. ब्लाइथसाहेबांनी बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभी केली, तिच्यावर शिशाच्या बॅटऱ्या भरल्या आणि रात्री त्या विजेवर घरात दिवे लावले. दिवसाचा वारा गाठोड्यात बांधून रात्री सोडायचा. मोट बांधली गेली!

वीज उरू लागली तेव्हा भल्या माणसाने गावाला सांगितले, की मेरीकर्कच्या मुख्य रस्त्यावर फुकट दिवे लावून देतो. गावाने ठराव-बिराव न करता नकार दिला. ही सैतानाची करणी आहे, असे गावाचे मत पडले. मला त्या गावकऱ्यांचा राग येत नाही. काउंटरवर बसून मी एवढे शिकलो आहे, की 'फुकट' हा शब्द ऐकताच शहाणा खातेदार दोन पावले मागे सरकतो. ब्लाइथांनी पुढे अशीच एक पवनचक्की माँट्रोजच्या वेड्यांच्या इस्पितळाला बांधून दिली. तिथे मात्र कोणी हरकत घेतली नाही.

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरी, चार्ल्स ब्रश नावाचा एक गडगंज माणूस आपल्या बंगल्यामागे तोच उद्योग करत होता, फक्त श्रीमंताच्या प्रमाणात. रस्त्यावरचे प्रखर आर्क दिवे बनवून त्याने पैसा केला होता. १८८८ साली त्याची पवनचक्की सुरू झाली. चाकाचा व्यास ५६ फूट, देवदाराची १४४ पाती, साठ फुटी मनोरा, सगळ्याचे वजन ४० टन, तळघरात बॅटऱ्यांच्या ४०८ बरण्या, घरात साडेतीनशे दिवे. इतक्या डामडौलातून निघत होती बारा किलोवॉट वीज. आज तेवढ्यात एखाद्या हौशी बिऱ्हाडाचे एसी, गिझर आणि इस्त्री एकदम चालतील. १८९० साली 'सायंटिफिक अमेरिकन'ने या यंत्राचे सविस्तर वर्णन छापले आणि शेवटी वाचकाला बजावले, की वारा फुकट आहे म्हणून हा उजेड स्वस्त आहे असे समजू नका. यंत्रसामग्रीचाच खर्च एवढा आहे, की फुकट वाऱ्याची बचत त्यात कुठल्या कुठे जाते. विज्ञानाच्या नियतकालिकात इतके चोख कॉस्ट अकाउंटिंग मी दुसरीकडे वाचलेले नाही. तो लेखक आमच्या कर्जविभागात हवा होता.

तिसरा गडी डेन्मार्कचा, पौल ला कूर. आस्कोव्हच्या लोकविद्यालयात शिक्षक. १८९१ साली त्याने शाळेच्या आवारात पवनचक्की उभारली, आणि वीज साठवायला बॅटऱ्या महाग म्हणून त्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन वायू साठवला. शाळेत त्या वायूचे दिवे लागले. अधूनमधून स्फोट होऊन शाळेच्या खिडक्याही उडाल्या. तरी शाळा चालू राहिली, मास्तर चालू राहिले आणि पवनचक्कीही. या माणसाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली, की पाती पुष्कळ असण्यापेक्षा थोडी आणि वेगाने फिरणारी बरी. ब्रशची १४४ माणसे जे करत होती ते चौघांकडून चांगले होते. आमच्या हेड ऑफिसला हे तत्त्व फार पुढे सापडले. त्याला ते स्वेच्छानिवृत्ती म्हणाले.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे, पण घाबरू नका, वाणिज्य शाखेच्या माणसाला जेवढे कळले तेवढेच सांगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. हे ऐकून चक्रवाढ व्याजसुद्धा लाजेल. पण याची दुसरी बाजू अशी, की वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते. शिवाय जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झने १९२० च्या सुमारास सिद्ध केले, की वाऱ्यातली शंभर टक्के ताकद कोणालाही काढून घेता येत नाही. फार तर ५९.३ टक्के. कारण सोपे आहे. सगळी ताकद काढून घेतली तर तो वारा पात्यांच्या मागे जागच्या जागी उभा राहील, आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाट मिळणार नाही. चेक वटला तरी काउंटरला टेकून नोटा मोजत उभे राहणारे गृहस्थ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना बेट्झचा नियम निराळा समजावून सांगायला नको. उरलेले ४०.७ टक्के निसर्ग मुळातच कापून घेतो. परतावा मागायची सोय नाही.

आता मी ज्या प्रकरणाकडे येतो आहे ते वाचून मला भाच्याची मनातल्या मनात क्षमा मागावीशी वाटली होती. १९३० च्या दशकातली अमेरिका. शहरांत झगझगाट, आणि शेतांवर अंधार. दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती, कारण दोन मैलांवरच्या एका घरासाठी खांब आणि तारा टाकणे कंपन्यांना परवडत नव्हते. अशा माणसाच्या घरात एकच चैन होती, ती म्हणजे रेडिओ. हा रेडिओ मोटारीच्या असते तशा सहा व्होल्टच्या बॅटरीवर चाले, आणि ती उतरली की गाडीत घालून तालुक्याच्या गावी न्यायची, पैसे मोजून भरून आणायची. नेमकी नाटकाचा शेवटचा भाग असतो त्या रात्री ती उतरे, हे मी पुस्तकात वाचलेले नाही; पण मी इन्व्हर्टरचा मालक आहे.

आयोवाच्या आल्बर्स बंधूंनी यावर तोड काढली. घराच्या छपरावर दोन पात्यांचा एक पंखा, त्याला जोडलेला छोटा जनित्र. वारा आला की बॅटरी आपोआप भरायची. विंचार्जर हे त्याचे नाव. झेनिथ या रेडिओ कंपनीच्या मालकांनी ही वस्तू पाहिली आणि ताबडतोब ओळखली. रेडिओ विकायचा तर आधी वारा विकला पाहिजे! १९३५ साली झेनिथने या धंद्यात भांडवल घातले, आयोवातल्या सू सिटीच्या कारखान्यातून पंखे बाहेर पडू लागले, आणि झेनिथचा रेडिओ घेणाऱ्याला विंचार्जर भरघोस सवलतीत मिळू लागला. वर्षाला चालवण्याचा खर्च पन्नास सेंट, अशी जाहिरात असे. त्यात घसारा धरलेला नव्हता, हे मी सवयीने नमूद करतो.

म्हणजे पाहा. त्या शेतकऱ्याने छपरावर पंखा चढवला तो दळणासाठी नव्हे, पाणी शेंदण्यासाठी नव्हे. दिवसभर राबून आल्यावर एक खटका दाबून दुसऱ्या जगात जाण्यासाठी चढवला. त्या जगात विनोदी जोड्या होत्या, साबणवाल्यांनी पुरस्कृत केलेल्या रडक्या मालिका होत्या, आणि ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सच्या नाटकात तर मंगळावरची माणसेही उतरली. त्या रात्री सगळी अमेरिका रस्त्यावर आली, हे वर्तमानपत्रांनी पुष्कळ फुगवून सांगितलेले. पण काही लोक खरोखर घाबरले होते. छपरावर वारा, आणि त्याच्या जोरावर दिवाणखान्यात मंगळवासी. आभासी जगासाठी घरगुती पवनचक्की म्हणतात ती आणखी वेगळी काय असते?

याहून दमदार मामला जेकब्स बंधूंचा. मार्सेलस आणि ज्यो जेकब्स मोंटानातल्या आडरानातल्या शेतावर वाढलेली मुले. मार्सेलस विमान चालवायला शिकला होता, आणि विमानाच्या पंख्यावरून त्याने तीन पात्यांची मजबूत पवनचक्की केली. ही नुसत्या रेडिओची नव्हती. हिच्यावर दिवे, फ्रीज, इस्त्री सगळे चाले, आणि त्यासाठी ३२ व्होल्टची उपकरणे बाजारात वेगळी मिळत. ॲडमिरल बर्डच्या १९३३ च्या मोहिमेबरोबर त्यांची एक पवनचक्की अंटार्क्टिकालाही जाऊन आली... आली म्हणजे काय, तिथेच राहिली.

मग तार आली. १९३५ साली रूझवेल्टने ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले, पुढल्या वर्षी कायदा झाला, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्जे मिळाली आणि खांब चालू लागले. पंधरा-वीस वर्षांत बहुतेक शेतांवर वीज पोहोचली. जेकब्सचा कारखाना १९५० च्या दशकात बंद झाला. इथे इतिहासकार हळहळतात. मला हळहळता येत नाही. ज्या गृहिणीने वाऱ्याची वाट पाहत इस्त्री केली असेल तिला विचारा. बटण दाबले की दिवा लागतो, रात्री बाराला लागतो, वारा पडला तरी लागतो. याच्यापुढे छपरावरच्या पंख्याची प्रौढी ती काय! एवढेच, की त्या दिवसापासून आपल्या घरातल्या विजेचा आणि आपल्या डोक्यावरच्या आभाळाचा संबंध तुटला. रेडिओ पूर्वी वारा पडला की थांबे, म्हणजे आपण किती ऐकले ते छपरावर दिसत असे. आता ते महिन्याने टपालातून कळू लागले.

छपरावरचा पंखा पुन्हा फॅशनमध्ये आला तो इंग्लंडात, २००६ च्या सुमारास. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत ट्रॉलीत घालून नेण्यासारख्या पवनचक्क्या मिळू लागल्या. पुढे पंतप्रधान झालेले डेव्हिड कॅमेरॉन तेव्हा विरोधी पक्षनेते होते. त्यांच्याही लंडनच्या घरावर २००७ साली एक चढली आणि वर्तमानपत्रांत गाजली. मग काही चिकित्सक मंडळींनी २६ घरगुती पवनचक्क्यांना मीटर लावून मोजमाप घेतले. वॉरिक चाचण्या म्हणून हा अहवाल २००९ साली आला. सरासरी एका पवनचक्कीने दिवसाला दिले २१४ वॉट-तास. पाव युनिटसुद्धा नाही. चाळीस वॉटचा एक दिवा सव्वापाच तास. उंच इमारतींवर बरे आकडे आले, पण दाट घरवस्तीत धुरांडी आणि झाडे वाऱ्याचा वेग मोडतात, आणि वेग मोडला की काय होते ते आठपटीच्या पाढ्यात आपण पाहिलेच. आणि खरी गंमत पुढे आहे. या यंत्राच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला स्वतःला जागे राहायला वीज लागते, ती दिवसाला सुमारे ८० वॉट-तास. काही घरांवर वारा इतका बेताचा, की पवनचक्की जितकी देई त्याहून जास्त खाई. लोकांच्या छपरावर साक्षात कारकून बसवला होता!

हे वाचल्यावर मी भाच्याला फोन केला. "तुझी पवनचक्की वीज देत नाही म्हणालास. खाते किती?"

"खाते म्हणजे?"

"म्हणजे ती फिरते, ते कुणाच्या जिवावर?"

त्याने एक क्षण विचार केला आणि "मामा, मीटिंग आहे" म्हणाला. तेव्हा उत्तर मलाच शोधावे लागले. सुदैवाने ते आधीच कोणीतरी काढून ठेवले होते. निकोलस कार या अमेरिकन लेखकाने डिसेंबर २००६ मध्ये हा हिशेब मांडला. सेकंड लाइफ चालवणारे सर्व्हर चार हजार. कुठल्याही क्षणी आत वावरणारे अवतार सरासरी साडेबारा हजार. प्रत्येक सर्व्हरला २०० वॉट, त्याला थंड ठेवायला आणखी ५०. अवताराच्या मागे घरी बसलेल्या माणसाचा संगणक १२० वॉट. मी कॅल्क्युलेटर न घेता पडताळून पाहिले: सर्व्हरांचे दिवसाला २४,००० युनिट, घरच्या संगणकांचे ३६,०००, एकूण ६०,०००. भागिले साडेबारा हजार. दर अवतारी दिवसाला ४.८ युनिट, वर्षाला १,७५२. टोटल टॅली!

आणि ब्राझीलचा हाडामासाचा माणूस वर्षाला वापरत होता १,८८४. म्हणजे अवतार जवळपास ब्राझीलियन झाला. कारने तुलना ब्राझीलशी केली म्हणून मी आपली वही काढली. त्या वर्षी भारतात माणशी वीजवापर सहाशे ते सातशे युनिटांच्या दरम्यान होता. एका भुताला अडीच भारतीय लागत होते. आणि तो काळ आठवा. महाराष्ट्रात भारनियमन जोरात होते, खेडोपाडी दिवसातले कितीतरी तास वीज नव्हती, शेतकरी पंपाला वीज कधी येते याची वाट पाहत रात्रीचा जागत होता. तिकडे समुद्रकाठच्या खोट्या घरावरची खोटी पवनचक्की एक मिनिट न थांबता फिरत होती.

हिशेबनीस म्हणून एक हरकत मात्र नोंदवतो, कारण कारवर तेव्हाही लोक तुटून पडले होते. साडेबारा हजार हा भाजक म्हणजे साडेबारा हजार माणसे नव्हेत. त्या साडेबारा हजार खुर्च्या आहेत, चोवीस तास भरलेल्या. एक उठला की दुसरा बसतो. कोणी एक इसम वर्षभर न जेवता, न झोपता आत राहत नाही. (भाचा कॉलेजात असतानाच्या काही महिन्यांबद्दल बहिणीचे मत वेगळे आहे.) पुढे यंत्रेही सुधारली, कमी विजेत जास्त काम करू लागली, आणि २०२० साली लिंडन लॅबने आपले सगळे जग उचलून ॲमेझॉनच्या भाड्याच्या संगणकांवर नेले. तेव्हा हा आकडा त्या सालापुरता. पण खर्चाचे खाते कोणाच्या नावे पडते, ही बाब आकडा लहान झाला म्हणून बदलत नाही.

एकदा पेन्सिल हातात आली की राहवत नाही. या ४.८ युनिटांच्या भुताला खऱ्या वाऱ्यावर पोसायचे झाले तर? पवनचक्की सतत पूर्ण ताकदीने चालत नाही. बरी जागा असेल तर तिच्या कमाल ताकदीच्या वीस टक्के सरासरी धरू. मग एक किलोवॉटची पवनचक्की दिवसाला देते बरोबर ४.८ युनिट. एका अवताराला एक खांब. ब्रशचा तो ४० टनी देवदारी डोलारा याच हिशेबाने बारा अवतार सांभाळेल, एखाद्या मध्यम आकाराच्या आभासी लग्नाचे वऱ्हाडसुद्धा नाही. आणि इंग्लंडातल्या छपरांवरच्या पवनचक्क्या घ्यायच्या तर एका अवतारासाठी तेवीस छपरे लागतील. अख्खी गल्ली राबेल, तेव्हा एक माणूस नसलेल्या समुद्राकाठी जाऊन बसेल.

खोट्या जगातल्या पवनचक्क्यांचा भाव मात्र पहिल्यापासून अवास्तव आहे. 'सिमसिटी २०००' हा शहर वसवण्याचा खेळ १९९३ साली निघाला. त्यात पवनचक्की शंभर डॉलरला मिळे, चार मेगावॉट वीज देई आणि कधीच म्हातारी होत नसे. त्या वर्षी खऱ्या बाजारात मोठ्यातली मोठी म्हणून विकली जाणारी पवनचक्की अर्ध्या मेगावॉटच्या आसपास होती. पण मला भुरळ पडली ती तिसऱ्या कलमाची. घसारा शून्य!

आपल्याकडे याच दशकात नेमके उलटे घडले. आपल्या प्राप्तिकराच्या नियमांत पवनचक्कीला पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळे. म्हणजे लोखंडाचा उंच मनोरा डोळ्यांसमोर उभा आहे, पाती फिरताहेत, आणि कागदावर तो संपूर्ण झिजून नाहीसा झालेला आहे. ज्यांना नफा झाकायचा होता त्यांना अचानक वाऱ्याची आवड उत्पन्न झाली. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर मनोऱ्यांचे रान उगवले. त्यातले काही मालक वारा बघून आले असतील, काही ताळेबंद बघून. पुढे हा दर ८० टक्क्यांवर आला, मध्यंतरी वरखाली झाला आणि २०१७ पासून ४० टक्के राहिला. अमेरिकेतल्या भुताची पवनचक्की नाही ती दिसते. आपली होती ती कागदावर दिसेना. यातली जास्त आभासी कोणती, हे ऑडिटरने ठरवावे.

राहता राहिली एक पवनचक्की, आणि मला ती सर्वांत आवडते. आफ्रिकेतला मलावी देश, कासुंगू जिल्ह्यातले एक खेडे. २००१ साली तिथे दुष्काळ पडला. विल्यम कामक्वाम्बा नावाच्या मुलाची शाळा फी भरता न आल्यामुळे सुटली. तो गावच्या लहानशा वाचनालयात जाऊन बसू लागला. तिथे ऊर्जेवरच्या एका इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पवनचक्क्यांचे चित्र होते. मजकूर पुरता समजत नव्हता, आकृत्या समजत होत्या. मग भंगारातून ट्रॅक्टरचा पंखा आला, मोडक्या सायकलीचा सांगाडा आला, प्लॅस्टिकचे पाइप तापवून चपटे करून पाती झाली, निलगिरीच्या वाशांचा मनोरा झाला. वीज करणारे यंत्र म्हणजे सायकलचा डायनॅमो, बारा वॉटचा. चौदा-पंधरा वर्षांचा पोर भंगार वेचतो, त्याला गावाने वेडा ठरवले. मेरीकर्कच्या लोकांना सैतान दिसला, यांना वेड दिसले. गावाला काहीतरी दिसावेच लागते.

डायनॅमो फिरला आणि बल्ब लागला. पुढे त्या पवनचक्कीवर घरात चार दिवे आणि दोन रेडिओ चालू लागले. पाहा, इथेही रेडिओ आलाच. पोट भरण्याची पंचाईत असलेल्या घरातसुद्धा वारा बांधून आणला तर तो जाऊन बसतो तो हेरॉनच्या ऑर्गनजवळ. हा डायनॅमो रात्रंदिवस पूर्ण वेगाने फिरला असता तरी कारच्या एका अवताराला असे सतरा लागले असते, हे मी वहीत लिहिले आणि मग वही मिटली.

मग गावात मोबाइल आले. मोबाइल आले पण वीज आली नव्हती, तेव्हा ज्याला वेडा म्हटले त्याच्या दारात लोक चार्जिंगसाठी रांग लावू लागले. पुरवठा मोजका, रांग लांब, प्रत्येकाला घाई आणि आत एकच माणूस. गेली वीस वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूने हे दृश्य रोज बघतो आहे. फरक इतकाच, की आमच्याकडे वीज गेली की आम्ही रांगेला उद्या यायला सांगतो.